बेताचं

मनीऑर्डरचे जुने फॉर्म टेबलावर पालथे पसरलेत,
त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी डोंगर काढते.
डोंगर मला जमत नाहीत, उपडी सुपं होतात.
गावं मात्र बरोबर पडतात जागच्या जागी.
एकतीस वर्षं रमणमळ्याला, सॉर्टिंगच्या खणांपुढं उभी राहून
हाताला पाठ झालीत ती:
आंबेघोल, वरून तिसरा खण.
हेळ्याची वाडी, त्याच्या खाली.
तळीचा धनगरवाडा, पार कोपऱ्यात,
महिन्याला चार पत्रं, त्यातली दोन बँकेची.

एकाही गावाला मी गेलेली नाही.

"मध्यम म्हणजे किती गं?" पद्मावती मगदूम विचारते.
डॉक्टरांनी तेवढाच शब्द लिहून दिलाय माझ्या गुडघ्याला.
आम्ही लोकरीचा धागा वाटेवरून वळवत नेतो,
पट्टीवर ताणून बघतो. नऊ किलोमीटर.
"धाग्याला चढ कुठं कळतोय," ती म्हणते.
मग नऊचे सात करतो
आणि मधे एक चहा घालतो.
बेत असावा तर बेताचा,
हे मी म्हणाले की ती म्हणाली, आता आठवत नाही.

तिची अट एकच. दिवस मावळायच्या आत जेवण.
काठी, शिट्टी, बॅटरी मागाहून बघू,
साडेपाचला ताट पुढ्यात पाहिजे.
चातुर्मास उठला की बटाटा चालेल,
म्हणून तारीख त्याच्या पुढची.
तोवर भातं निघालेली असतील, जळवा गेलेल्या असतील,
रंकाळा स्टँडवरनं सहा दहाची गाडी
निम्मी रिकामी असेल, असं कंडक्टर म्हणाला.
त्यानंच वाडीतल्या चहावालीचा नंबर दिला,
तिकिटाच्या मागं, पेन्सिलीनं.

तीन दिवस लागला नाही.
चौथ्या दिवशी आधी नुसता वारा, मग बाई:
"बोला! कातळावर हुबी हाय, पटपट बोला."
राहायला मिळेल का?
"मिळंल की. माळा हाय. वैरण एका अंगाला सारतो."
दोघी बायका आहोत.
"आन गडी?"
गडी नाही.
पुन्हा थोडा वारा.
"मग माळा कशाला? आत माझ्याजवळच निजा."
गवे येतात का हो तिकडं?
"येत्यात. आमी न्हाई बलवत."
जेवण मात्र साडेपाचला लागेल.
"तवा तर माझी म्हसरं येत्यात डोंगरातनं."
कुणाशी तरी बोलली, बहुतेक म्हशीशीच.
"बरं. आदी तुमी, मग ती."
नाव काय तुमचं?
"झोरे. भागू झोरे."
पैसे किती, हे विचारायच्या आत रेंज गेली.

माझा हात आपोआप वर उठला होता.
चौथा खण.
दर दिवाळीआधी एक पाकीट यायचं त्या नावाचं,
जांभळ्या शाईत, 'झ'चा पाय लांब ओढलेला,
पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का कधी भिलाईचा, कधी वाचायला न येणारा.
आठ-नऊ वर्षं आलं. मग नाही आलं.
मी रिटायर व्हायच्या आधीच थांबलं ते,
म्हणजे चूक माझ्या हातून झाली नसणार,
तरी दोन दिवाळ्या मी शेजारचे खण चाचपले होते.

पद्मावती यादी वाचते. मीठ. सुई-दोरा. गुडघ्याचा पट्टा.
खडीसाखर. जुनी चादर एक.
पापाच्या तिकटीवर टाकलेल्या चपला, ज्यांना तो
टायरचा तळ लावून देणार आहे गुरुवारी.
"आणखी काही राहिलं?"

चहा पिताना एखादीला विचारावं का
तुला पत्रं कोण पाठवायचं,
हे कुठल्या सदरात लिहायचं ते मला सुचत नाही.
"काडेपेटी," मी म्हणते.
ती लिहून घेते.